पाचवीच्या आत

बाळ जन्मले की पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी भविष्य लिहून जाते, असे आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. त्या रात्री घरोघरी पाटा-वरवंट्याची पूजा होते, रात्रभर दिवा तेवत ठेवतात, आणि देवीला लिहायला सोय असावी म्हणून कोरा कागद व लेखणीही ठेवतात. सटवीचे लिहिणे कुणाला चुकत नाही म्हणतात!

परंतु ज्या तान्ह्यांविषयी आज येथे लिहायचे आहे, त्यांचे भविष्य सटवाई येण्याच्या आधीच ठरून जात असे. कित्येकांची पाचवी होतच नसे. ज्यांची होई त्यांचे बारसे क्वचितच होई. नावगाव न मिळताच ती जात. घरात आणलेले अंगडे-टोपडे मुकाट्याने पेटीत परत जाई, आणि बाळंतिणीला चार बायका समजावीत, "तेवढेच ऋणानुबंध होते गं!" या बाळांचे हातपाय धड असत, रडणे खणखणीत असे, चेहरा गोंडस असे. फक्त त्यांच्या पोटातली वाट बंद असे.

वैद्यकशास्त्रात या व्यंगाला ‘इंटेस्टायनल अॅट्रेशिया’ म्हणतात. आतड्याची नळी एखाद्या जागी जन्मतःच बंद असणे, असा त्याचा सरळ अर्थ. काही हजार जन्मांमागे एखादे बाळ असे निघते. म्हणजे रोग विरळाच. पण सोलापूरसारख्या मोठ्या जिल्ह्यात, जेथे दरवर्षी हजारो बाळे जन्मतात, तेथे तो अधूनमधून कुणाच्या तरी घरी येणारच. आणि ज्याच्या घरी येतो, त्याला तो विरळ आहे या माहितीचे समाधान ते काय!

आनंदाची गोष्ट ही की, आज यांतली बहुतेक बाळे वाचू शकतात. अट एकच. वेळेवर ओळखले पाहिजे.

दुपट्यावरचा हिरवा डाग

सोलापुरातल्या कुठल्याही पेठेतले एक घर डोळ्यांपुढे आणा. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली आहे. बाळंतपण सुखरूप झाले, पेढे वाटले गेले, जावईबापू येऊन बाळाला पाहून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक घाबऱ्या आवाजात हाक मारते, "आई, याच्या तोंडातून हिरवं आलं गं!"

आई अनुभवी असते. चार बाळंतपणे तिने स्वतः केलेली, दहा-बारा शेजारपाजारची पाहिलेली. ती म्हणते, "घाबरू नकोस. गर्भातलं पाणी प्यालं असेल. दोन दिवसांत निवळेल."

दुपारी पुन्हा हिरवी उलटी होते. मग सहाणेवर मुरडशेंग आणि वेखंड उगाळले जाते. संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट निघते. कुणी म्हणते, आईचे दूध बाधले. मग दूध बंद करून मधाचे बोट चाटवले जाते. बाळाचे पोट हळूहळू नगाऱ्यासारखे फुगते. पहिली काळी शी अजून झालेली नाही, पण तिच्याकडे कुणाचे लक्षच नसते. तिसऱ्या दिवशी बाळ रडायचेही थांबते, आणि घरातली माणसे म्हणतात, "बघा, आता कसं शांत झोपलंय!"

ही कुणा एका घरची हकीकत नाही. पण यांतला प्रत्येक प्रसंग आपल्या ओळखीचा आहे, हे कुणीही कबूल करील. यात दुष्टावा कुणाचाच नाही. आहे ती माया आणि थोडे अज्ञान. त्या मायेला एवढीच एक माहिती जोडून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

ती माहिती अशी. तान्हे बाळ दूध ओकते ते पांढरे असते. फार तर दह्यासारखे फाटलेले. त्यात विशेष काळजीचे बहुधा नसते. हिरवा रंग येतो तो पित्ताचा. पित्त आतड्यात उतरते ते जठराच्या खाली. ते पुढे न जाता मागे फिरून तोंडावाटे बाहेर येते, याचा अर्थ त्याची पुढची वाट कोठेतरी अडलेली असण्याची शक्यता आहे. म्हणून पहिल्या काही दिवसांतली हिरवी उलटी, मग ती एकदाच का झालेली असेना, बालरोगतज्ज्ञाला दाखवलीच पाहिजे. दुपटे धुऊ नये. तेच डाग पडलेले दुपटे बरोबर न्यावे.

कधी कधी आतडे बंद नसते, पण त्याला पीळ पडलेला असतो. तेव्हाही उलटी हिरवीच होते. त्या पिळाने आतड्याचे रक्त तुटते, आणि मग दिवसांची नव्हे, तासांची गोष्ट उरते. क्वचित वाट पित्ताच्या मुखाच्याही वर बंद असते, तेव्हा उलटी पांढरीच राहते. म्हणून दुसरी खूणही ध्यानात ठेवावी. पुऱ्या दिवसांचे बाळ बहुधा पहिल्या चोवीस तासांत काळी, चिकट शी करते. ती झाली नाही, किंवा झाली ती नुसती पांढुरकी, शेंबडासारखी, तर थांबू नये. तिसरी खूण फुगत जाणाऱ्या पोटाची.

ग्रहण पाहिले म्हणून?

असे व्यंग निघाले की घरात पहिला प्रश्न येतो तो हा की, असे झाले कशाने? आणि दुर्दैवाने त्याचे उत्तर बहुधा बाळंतिणीच्या माथी मारले जाते. ग्रहणात तिने भाजी चिरली असेल. सांगूनही पपई खाल्ली असेल. ती बिचारी एकीकडे टाके सोसत असते, एकीकडे पान्हा दाबत असते, आणि त्यात हा गुन्हाही तिच्या नावावर चढतो.

शास्त्र काय म्हणते ते ऐकण्यासारखे आहे. 1900 साली टँडलर नावाच्या शास्त्रज्ञाने असे मांडले की, गर्भ अगदी लहान असताना जठराच्या पुढचे आतडे, म्हणजे आद्यांत्र, काही काळ भरीव असते. पुढे त्यात पोकळी तयार होते. ती पोकळी व्हायची राहिली की वाट बंद राहते. आद्यांत्रापुरते हे स्पष्टीकरण बऱ्याच अंशी आजही मानतात. परंतु त्याच्याही पुढचे लांबलचक आतडे बंद असते, तेव्हा काय? त्या बाळांच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट आढळे. बंद जागेच्या पलीकडच्या भागातही कधी कधी पित्त सापडे, गर्भाच्या अंगावरची बारीक लव सापडे. बाळ पोटात असताना भोवतालचे पाणी गिळते, त्याबरोबर ही लव आत जाते. ती जर पलीकडे पोचली आहे, तर कधीकाळी वाट मोकळी होती, हे उघड आहे. मग ती बंद झाली कशी?

याचा उलगडा दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन येथे झाला. तेथे लाऊ नावाचे शल्यविशारद होते आणि त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर काम करीत होता. त्याने गाभण कुत्रीच्या पोटातल्या पिलावर शस्त्रक्रिया करायची, पिलाच्या आतड्याकडे जाणारी एखादी रक्तवाहिनी बांधून टाकायची, आणि पिलू पुन्हा गर्भाशयात ठेवून द्यायचे, असा खटाटोप आरंभला. एकामागून एक प्रयोग फसले. अखेर एक पिलू जन्मले, आणि त्याच्या आतड्यात हुबेहूब तेच व्यंग निघाले! 1955 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लाऊ आणि त्या तरुणाने हे प्रसिद्ध केले. गर्भात असताना आतड्याच्या एखाद्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो, तो तुकडा वाळून नाहीसा होतो आणि दोन्ही बाजूंना बंद टोके उरतात, हे त्यांनी दाखवून दिले.

त्या तरुण डॉक्टरचे नाव क्रिस्टियान बर्नार्ड. 3 डिसेंबर 1967 रोजी माणसाच्या छातीत दुसऱ्या माणसाचे हृदय बसवून ज्याने साऱ्या जगाला थक्क केले, तोच हा. हृदयाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तान्ह्या बाळांच्या आतड्यांची फारशी कुणाला ठाऊक नसते.

तेव्हा आजीबाईंना नम्रपणे सांगावेसे वाटते की, यात ग्रहणाचा दोष नाही आणि पपईचाही नाही. गरोदर बाईने तंबाखू, मिश्री टाळावी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध घेऊ नये, हे सर्व खरेच. पण सारे पथ्य पाळलेल्या आईच्या बाळालाही हे व्यंग होऊ शकते. तिला बोल लावण्यात अर्थ नाही.

सुतळी आणि रेशीम

1877 साली पहिली कापडगिरणी निघाल्यापासून ज्या गावाचे नाव सुताशी बांधले गेले, त्या सोलापुरात धागा सांधण्याची गोष्ट कुणाला नवीन नाही. दोन टोके सारख्या जाडीची असली तर गाठ नीट बसते. पण एका बाजूला सुतळी आणि दुसऱ्या बाजूला रेशमाची तार असली तर?

नेमकी हीच अडचण येथे असते. अडलेल्या जागेच्या वरचे आतडे गर्भातच पाणी साचून साचून फुगते. ते मोठ्या माणसाच्या अंगठ्याहूनही जाड होते. खालच्या आतड्यात कधी काही उतरलेलेच नसते. ते बारीक पेन्सिलीएवढे राहते. पूर्वी सर्जन ही दोन टोके आहेत तशीच जोडीत. शिवण उत्तम असे, तरी जोड चालत नसे. फुगलेल्या टोकाचा रक्तपुरवठा कच्चा असे, त्याला पुढे ढकलण्याची शक्ती नसे. 1911 साली हॉलंडमध्ये रॉटरडॅम येथे फोकेन्स नावाच्या सर्जनने असे एक बाळ वाचवले, त्याची नोंद वैद्यकाच्या इतिहासात आहे. पण त्यानंतरही कित्येक वर्षे ती अपवादाची गोष्ट राहिली.

केप टाउनच्या प्रयोगांनी दिशा दिली. रक्ताचा तुटवडा हे मूळ असेल, तर ती कच्ची टोके ठेवायचीच कशाला? फुगलेला भाग काही अंतरापर्यंत काढून टाकावा, आणि जेथे आतडे निरोगी आहे तेथे जोड द्यावा. इतके साधे वाटणारे हे पाऊल. पण त्याने चित्र पालटले. तेथे पूर्वी दहांतली नऊ बाळे दगावत, ती संख्या थोड्याच वर्षांत तीनाच्या आसपास आली. आज सुसज्ज रुग्णालयांत शंभरांतली नव्वदांहून अधिक बाळे वाचतात.

शस्त्रक्रियेची तयारीही समजून घेण्यासारखी आहे. अडीच किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त असते सुमारे 200 मिलिलिटर, म्हणजे लहानसा पेलाभर! त्यातले चार चमचे सांडले तरी फरक पडतो. म्हणून घाई असली तरी आधी बाळ सावरावे लागते. नाकातून बारीक नळी जठरात घालून साचलेले पित्त काढून घेतात, शिरेतून पाणी व क्षार देतात, अंग गरम ठेवतात. मग क्ष-किरणांचे चित्र काढतात. आद्यांत्र बंद असेल तर त्या चित्रात हवेचे दोन बुडबुडे दिसतात, एक जठराचा आणि एक आद्यांत्राचा. आणि त्यांच्याखाली सारे पोट कोरे.

पोट उघडल्यावर काय निघेल ते सांगता येत नाही. कधी आत नुसता एक पातळ पडदा असतो. कधी दोन टोकांमध्ये दोरीएवढा दुवा असतो, कधी तोही नसतो. कधी सफरचंदाची साल सोलावी तसे खालचे आतडे एकाच रक्तवाहिनीभोवती गुंडाळलेले असते. तर कधी चार-पाच ठिकाणी वाट बंद असते. पुऱ्या दिवसांच्या बाळाचे लहान आतडे साधारण अडीच मीटर लांब असते. सर्जन निरोगी आतडे मोजून घेतो, कारण किती काढले यापेक्षा किती उरले याला महत्त्व. मग केसाएवढ्या धाग्याने टाके घालतो.

थेंब थेंब दूध

शस्त्रक्रिया झाली की नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. पण खरी परीक्षा पुढेच असते. जोडलेले आतडे लगेच चालू लागत नाही. कधी आठवडा जातो, कधी तीन आठवडे. तोवर बाळाने जगायचे कशावर?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे निघाले. तेथे 1967 साली एक मुलगी जन्मली. तिचे जवळजवळ सारेच लहान आतडे बंद होते. डडरिक व विलमोर या डॉक्टरांनी तिला साखर, प्रथिने, क्षार, जीवनसत्त्वे सर्व काही मोठ्या शिरेतून दिले. तोंडात घास नाही, तरी त्या मुलीचे वजन वाढू लागले! 1968 साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. ती मुलगी पुढे फार वर्षे जगली नाही. पण तिच्या निमित्ताने शिरेतून पोषण देण्याची जी रीत रूढ झाली, तिच्यावर त्यानंतर अगणित बाळे तगली.

आतडे चालू लागल्याची खूण म्हणजे नळीतून येणारे हिरवे पाणी कमी होणे आणि शी होणे. या वॉर्डात एक दृश्य नेहमीचे असते. जन्मापासून दहा-बारा दिवसांचे बाळ पहिल्यांदा शी करते, आणि बापासारखा बाप परिचारिकेला हात जोडतो. मग आईचे दूध थेंब थेंब सुरू होते. म्हणूनच त्या दिवसांत आईने दूध आटू देऊ नये. दर दोन-तीन तासांनी ते काढीत राहावे. या बाळांना आईच्या दुधासारखे दुसरे औषध नाही.

"पुढे हा भाकरी खाईल ना?" हा आजोबांचा प्रश्न. आतडे पुरेसे उरले असेल तर उत्तर होकारार्थी असते. तो भाकरी खाईल, शेंगाची चटणीही खाईल. आतडे फारच तोकडे उरले तर मात्र वर्षानुवर्षे सांभाळ करावा लागतो, आणि त्यातली काही बाळे हाती लागत नाहीत. हे सत्यही सांगितले पाहिजे.

आणखी एक अवघड सत्य आहे. आद्यांत्र बंद असलेल्या बाळांपैकी सुमारे एक-तृतीयांशांना ‘डाउन सिंड्रोम’ असतो. ही मुले शिकतात, पण सावकाश. काहींच्या हृदयातही दोष असतो, म्हणून त्याचीही तपासणी करतात. अशा वेळी घरात कुजबुज सुरू होते, "मग कशाला एवढा खर्च?" मुलगी असली तर ती कुजबुज जरा अधिक मोठ्याने होते. डॉक्टर याचे उत्तर देऊ शकत नाही. ते घरानेच द्यायचे. एवढेच म्हणावेसे वाटते की, त्या पाळण्यातल्या जिवाला भूक लागते ती इतर कुठल्याही मुलासारखीच लागते.

सोलापुरात काय करावे?

मुंबईत परळला लहान मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय 1929 साली उघडले. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1963 साली निघाले, डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ त्याला नाव दिले आहे. लहान मुलांची शस्त्रक्रिया ही स्वतंत्र विद्या आहे, हे आपल्या देशात त्याच सुमारास मान्य होऊ लागले. 1965 साली या सर्जनांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. मोठ्या माणसांवर उत्तम हात चालणाऱ्या सर्जनलाही अडीच किलोचे बाळ ही निराळी गोष्ट वाटते. म्हणून या व्यंगाला बालशल्यविशारदच शोधावा. तो जवळ मिळाला तर फारच उत्तम. पुढे जावेच लागले तर पुणे अडीचशे किलोमीटरांवर आहे. मात्र बाळाला तसेच दुपट्यात गुंडाळून गाडीत बसू नये. आधी जवळच्या रुग्णालयात नाकातली नळी, शिरेतली सलाइन आणि उबेची व्यवस्था करून घ्यावी. वाटेत उलटी फुप्फुसात गेली तर उत्तम सर्जनपर्यंत पोचूनही उपयोग होत नाही.

खर्चाची धास्ती मोठी असते. 2012 च्या जुलैत महाराष्ट्र शासनाने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत सोलापूर होते. 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि तिच्यात लहान मुलांच्या शस्त्रक्रियाही येतात. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. दागिने गहाण टाकण्यापूर्वी त्याला गाठावे. शासकीय रुग्णालयांत आजारी नवजात बाळावर मोफत उपचार करण्याची योजना 2011 पासून आहे.

आणि शक्य असेल त्यांनी त्याही आधी सावध व्हावे. गरोदरपणी अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफी करतात, ती चुकवू नये. पोटात पाणी प्रमाणाबाहेर वाढले आहे असे डॉक्टर म्हणाले, तर त्याचा अर्थ विचारून घ्यावा. बाळ पाणी गिळते, पण ते पुढे जात नाही, म्हणूनही पाणी साचते. आधी कळले तर बाळंतपणच अशा ठिकाणी करता येते, जेथे सर्जन दाराशी आहे.

रुग्णालयात या बाळांच्या मनगटावर एक चिठ्ठी असते. तिच्यावर बाळाचे नाव नसते, कारण ते अजून ठेवलेलेच नसते. ‘बेबी ऑफ’ असे लिहून पुढे आईचे नाव असते. महिना-दीड महिन्याने बाळ घरी येते. बाराव्या दिवसाचा मुहूर्त केव्हाच टळलेला असतो. तरी पाळणा बांधतात, आत्याबाई कानात नाव सांगतात, घुगऱ्या वाटतात. पोटावरचा आडवा व्रण तोवर फिकट होऊ लागलेला असतो.

तेव्हा, आयाबायांनो, पाचवीच्या रात्री कोरा कागद ठेवायचा तर अवश्य ठेवा. परंपरेने चालत आलेली ती माया आहे. पण त्याआधी दुपट्यावर हिरवा डाग दिसला, तर सटवाईची वाट पाहू नका. बाळ उचला, दुपटे बरोबर घ्या, आणि डॉक्टरकडे चला. रात्र असली तरी चला.